शून्य, कंसात एक: शेजारच्या सूनबाईस आभारपत्र

चि. सौ. धाकट्या सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका असं तू फोनवर दोनदा बजावलंस, म्हणून गाळलं. वाडीतल्या लोकांना कळायचं ते कळेलच. पत्र घरी न पाठवता असं चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखं आणखी कुणी या घडीला संगणकापुढे बसून ‘स्टॉल्ड’ (म्हणजे फाइल उतरता उतरता अडकली) या शब्दाकडे बघत असेल, आणि त्याच्या शेजारी पुण्याहून गणपतीला आलेली सून असेलच असं नाही.

आधी एक कबुली. चतुर्थीच्या सकाळी मी मदत मागायला आलो तो तुझ्या नवऱ्याकडे. संगणकाचं काम म्हणजे पुरुषाला विचारायचं, ही माझी चाळीस वर्षांची मास्तरकी. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, मी बँकेत असतो. नेटवर्कचं सगळं ती बघते,” आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तू उकडीच्या पाऱ्या करत होतीस. हात पिठात, तरी तिथूनच म्हणालीस, “स्क्रीनचा फोटो पाठवा. पूर्ण पाठवा, खालची पट्टीसुद्धा दिसली पाहिजे.” मला जरा राग आला होता. इतकी मोठी तक्रार आणि ही फोटो मागते!

वाचणाऱ्यांसाठी तक्रार काय होती ते सांगतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या जत्रांतले दशावताराचे प्रयोग आम्ही चार-पाच जण बरीच वर्षं रेकॉर्ड करत आलो. नाटक कंपनीच्या मालकांना विचारून, त्यांच्या देखत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद बोलतात, त्यामुळे आज पाहिलेला प्रयोग उद्या तसाच्या तसा मिळत नाही. सगळं मिळून ६२ जीबी झालं. डोंबिवलीच्या आमच्या मित्राने त्याचं टोरेंट बनवलं, म्हणजे प्रत्येकाने एकमेकांकडून तुकडे घेत पूर्ण संच आपापल्या घरी उतरवावा. टोरेंट म्हटलं की लोक चोरीचा सिनेमा समजतात. पण ब्रॅम कोहेनने २००१ साली ही पद्धत आणली ती मोठी फाइल एकट्याच्या डोक्यावर न लादता सगळ्यांनी मिळून वाहावी म्हणून. आणि आमचं ओझं अगदी त्याच जातीचं होतं.

ते ७१ टक्क्यांवर येऊन थांबलं. तीन आठवडे. मी काय काय केलं त्याची यादी तू वाचलीसच: राउटर बंद-चालू केला, पोर्ट (बाहेरून जोडणी आत येण्याचं दार) बदलला, अँटिव्हायरस काढून टाकला, इंटरनेटवरून शंभरेक ट्रॅकरांची, म्हणजे कुठली फाइल कुणाकडे आहे ते सांगणाऱ्या संगणकांची, यादी आणून चिकटवली. तू पहिल्यांदा ती यादी पुसायला लावलीस. “गुरुजी, हे टोरेंट जगात पाच जणांकडे आहे. बाकीच्या ट्रॅकरांना त्याचं नावही ठाऊक नाही. उगाच शंभर दारं ठोठावताय.”

मग म्हणालीस, डेबियनचं टोरेंट लावून बघा. मला ते काय, हेही माहीत नव्हतं. लिनक्सचा एक प्रकार, अधिकृतपणे टोरेंटवरून वाटला जातो आणि द्यायला माणसं भरपूर असतात. म्हणजे निरोगी टोरेंट. ते सुसाट उतरलं तर लाइन आणि संगणक ठीक, दोष आपल्या फाइलीच्या वाटेत. ते उतरलं, सेकंदाला जवळजवळ ५ एमबीने.

इथे मी केबलवाल्याला शिव्या घातल्या. ४० चे पैसे देतो आणि पाचच येतात! तू काही बोलली नाहीस, नुसतं विचारलंस, “एका बाइटमध्ये बिट किती, गुरुजी?” आठ. चाळीस भागिले आठ. जन्मभर मुलांना एकक लिहायला विसरलं म्हणून अर्धा गुण कापणारा मी, ४० मेगाबिट आणि ५ मेगाबाइट यांतला फरक न बघता त्या बिचाऱ्या पोराशी दोनदा भांडलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याला मोदक नेऊन दिले. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट तुला फोटोतच दिसली. मी अपलोडवर सेकंदाला १ केबीची मर्यादा घातली होती. वाटलं, आपली लाइन आपल्याला पुरवून वापरावी. तू समजावलंस की हा प्रोग्रॅम हिशेबी आहे. दर १० सेकंदांनी तो बघतो की आपल्याला कोण जास्त देतंय, आणि त्यांनाच देतो. दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला मात्र सहज संधी देऊन बघतो. मी हात आखडता घेतला म्हणून कोल्हापूरच्या मित्राचा प्रोग्रॅम मलाच शेवटी वाढत होता. मर्यादा साफ काढून टाकतो म्हटलं तर तेही करू दिलं नाहीस: अपलोड तुडुंब भरलं की ‘मिळालं, पुढचं पाठव’ ही पोचसुद्धा त्याच गर्दीत अडकते आणि डाउनलोड आपोआप मंदावतं. माझं अपलोड ५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६२५ केबी. त्यातलं ५०० द्यायचं, बाकीचं मोकळं ठेवायचं.

पण एवढ्याने ७१ चे ७२ होणार नव्हते, हे तुला माहीत होतं. कारण त्या फोटोत सीड्सच्या रकान्यात लिहिलं होतं ‘० (१)’. मी ते तीन आठवडे बघत होतो आणि शून्य वाचून गप्प बसत होतो. तू कंस वाचलास. पूर्ण फाइल असलेला एक माणूस या क्षणी हजर आहे असं ट्रॅकर सांगतोय, पण आपण त्याच्याशी जोडलेले नाही. म्हणजे डोंबिवली जागी आहे. वाट बंद आहे.

मग राउटरचं पान उघडून इंटरनेटवरचा आपला बाहेरचा पत्ता वाचायला सांगितलास. १०० पासून सुरू होणारा, पुढे ७२. तू “हं” म्हणालीस. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास यासाठीच राखून ठेवला गेला की इंटरनेट कंपनीने शेकडो गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवावं. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे मी माझ्या राउटरात पोर्ट कितीही उघडला तरी फायदा नव्हता. माझ्या दाराबाहेर आणखी एक दार होतं, आणि त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती.

एवढं ऐकून मी विचारलं, मग इतर सगळं चालतं कसं? तुझं उत्तर माझ्या पिढीला बरोबर लागू पडलं. एसटीडी बूथ! बूथमधून आपण कुठेही फोन लावू शकतो, पण बूथवर आपल्याला फोन येत नाही. डोंबिवलीच्या मित्राचा राउटर पाहिला तर तिथेही १०० चाच पत्ता. दोघे दोन बूथमध्ये उभे, हातात रिसीव्हर, आणि एकमेकांचा नंबर नाही.

“मग ७१ टक्के आले कुठून?” हे तूच विचारलंस, आणि उत्तरही तूच काढलंस. कोल्हापूरच्या मित्राकडे खरा पत्ता होता, दार उघडं होतं. डोंबिवली त्याला देत होती, तो मला देत होता. तीन आठवड्यांपूर्वी त्याने संगणक दुरुस्तीला टाकला, त्याच दिवशी माझी गाडी थांबली. त्याच्याकडेही तेव्हा ७१ च होते. आम्ही त्याला गमतीने आळशी म्हणायचो, आणि सगळा माल त्याच्या खांद्यावरून येत होता.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तरी पुरतं, म्हणून माझ्या राउटरात आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, चालू केलंस, तिथल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या पहाऱ्यात, त्या एकाच पोर्टापुरती वाट दिलीस. नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही, प्रत्येक यंत्राला आपला स्वतःचा. डोंबिवलीलाही तेच चालू करायला सांगितलंस. ओटीवर आरती सुरू झाली, तू टाळ घेऊन गेलीस, आणि ‘घालीन लोटांगण’ला मी आत डोकावलो तर कंसाबाहेरचं शून्य जाऊन एक आला होता. खरं सांगतो, त्या संध्याकाळी देवापुढे माझं चित्त नव्हतं.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण गौरी-गणपतीचं विसर्जन करून तू पुण्याला गेलीस आणि ९३ वर पुन्हा तेच. डोंबिवली एकाएकी नाहीशी व्हायची. सकाळी त्याने संगणक लावला की नव्या पत्त्याने यायची, थोडं द्यायची, पुन्हा गायब. असं करत ९९.९ ला पोचलो आणि तिथे ठाण मांडलं. मी तुला कामाच्या वेळी फोन केला, त्याबद्दल वेगळी माफी.

तू विचारलंस, “‘वाया गेलेलं’ असा आकडा दिसतोय का? तो वाढतोय?” वाढत होता. दर वेळी ४ एमबीने. आमच्या टोरेंटचा एक तुकडा ४ एमबीचाच.

तुझं पुढचं बोलणं मी वहीत लिहून ठेवलंय. टोरेंट बनवताना प्रत्येक तुकड्याचा एसएचए-१ ठसा घेतलेला असतो, २० बाइटांचा. आलेला तुकडा ठशाशी जुळला नाही तर प्रोग्रॅम तो फेकून देतो, आणि पूर्ण तुकडा एकाच माणसाकडून आलेला असेल तर त्या माणसालाच वाळीत टाकतो. डोंबिवली नाहीशी होत नव्हती, माझाच प्रोग्रॅम तिला गावाबाहेर काढत होता. “त्यांना विचारा, टोरेंट बनवल्यानंतर कुणी एखादी फाइल उघडून काही बदललं का?”

तो आधी नाही म्हणाला. मग रीचेक, म्हणजे सगळे तुकडे ठशांशी पुन्हा ताडून बघणं, करायला लावलं, तर त्याच्या स्वतःच्या यंत्रावरही ९९.९! तेव्हा आठवलं. एका ध्वनिफितीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या माहितीत, नटाचं नाव ऱ्हस्व पडलं होतं, ते त्याने दीर्घ केलं होतं. एक वेलांटी. फाइलीची लांबी बाइटाचीही बदलली नाही, ऐकायला काही फरक नाही, पण ठसा मात्र पार वेगळा. आणि गंमत बघ, ती चूक त्याला फोन करून दाखवून दिली होती मीच. “मास्तरांच्या शिव्या नकोत म्हणून केलं,” असं म्हणाला.

मूळ फाइल त्याच्या मेमरी कार्डावर होती. ती जागेवर ठेवली, त्याने पुन्हा रीचेक केला, शंभर. माझ्याकडे मिनिटभरात शंभर. त्या रात्री पहिला प्रयोग लावला. पायपेटी, पखवाज, झांज, आणि संकासुर आला तेव्हा मागे कुणाचं तरी पोर घाबरून रडतं, तेही नीट ऐकू येतं.

आता माझा संगणक रात्री चालू असतो. कोल्हापूरवाला परत आला आहे, त्याचे उरलेले २९ टक्के माझ्याकडूनच जातायत. पुढच्या चतुर्थीला पाऱ्या करायला आमच्या हिच्याकडे ये, ती तुझ्याकडून कळ्या शिकणार म्हणते.

ती वेलांटी मी ऱ्हस्वच ठेवली आहे. रोज दिसते. शुद्ध नाव वेगळ्या कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवलं आहे.

तुझे,
शेजारचे गुरुजी