आमच्या गावाला डालड्याचा वास होता

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्वयंपाकघरांच्या वासांवर जे लेख येताहेत ते मी नेमाने वाचतो. छान असतात, वाचताना तोंडाला पाणी पण सुटतं, पण एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहायला बसलो. प्रत्येकाच्या आजीकडे साजूक तूपच कसं काय होतं हो? प्रत्येकाच्या गल्लीत लाकडी घाणा, प्रत्येकाच्या दारात दुभती म्हैस, आणि प्रत्येकाच्या भातावर लोणकढी तुपाची धार. मग या महाराष्ट्रात एवढा डालडा, म्हणजे तेल घट्ट करून केलेलं वनस्पती तूप, खाल्ला कोणी? कोणीतरी खाल्लाच असेल ना. तर मी खाल्ला, आणि माझ्या सगळ्या गल्लीने खाल्ला, आणि आता साठी ओलांडल्यावर मला ज्या वासाची आठवण येते ना तो वास साजूक तुपाचा नाही, डालड्याचा आहे. हे कोणीतरी छापून आणायला पाहिजे.

मी मूळचा अमळनेरचा. जळगाव जिल्हा, बोरी नदी, सुरत-भुसावळ लाईन. लोकांना आमचं गाव साने गुरुजींमुळे माहीत असतं (ते आमच्याकडे प्रताप हायस्कूलात शिक्षक होते), नाहीतर मग विप्रोमुळे. आता विप्रो म्हटलं की नवीन पोरांच्या डोळ्यासमोर बंगळूर, लॅपटॉप आणि गळ्यातलं आयकार्ड येतं, पण कंपनीचं बारशाचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. 29 डिसेंबर 1945 ला सुरू झाली, ती आमच्या अमळनेरात, तेल आणि वनस्पती तूप बनवायला. आजूबाजूला शेंगा पिकायच्या आणि माल न्यायला रेल्वे दारात, एवढं पुरे होतं. किसान, सनफ्लॉवर आणि कॅमल अशा नावांनी माल जायचा, आणि तेलातून जे उरेल त्याचा कपडे धुवायचा साबण, 787 नंबरचा. 1966 साली कंपनीचे मालक मोठे प्रेमजी वारले तेव्हा त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून हे सगळं सांभाळायला आले. गावात ज्यांनी तेव्हा शेअर घेऊन ठेवले त्यांच्या नातवंडांचं काय झालं ते तुम्ही पेपरवाले दर दोन वर्षांनी छापताच. आमच्या आजोबांना पण कोणीतरी म्हणालं होतं घेऊन ठेवा म्हणून. ते म्हणाले कागद घेऊन काय करू, डबा द्या. तर आमच्या वाट्याला डबे आले.

आणि गंमत बघा, कारखाना आमच्या गावात, डब्यावर नाव सनफ्लॉवर, पण तोंडात मात्र डालडाच. दुसऱ्या कंपनीचं नाव. ‘एक किलो डालडा द्या’ म्हटलं की दुकानदार सनफ्लॉवर काढून द्यायचा, दोघांनाही त्यात काही चूक वाटायची नाही. डालडा 1937 सालीच बाजारात आला होता, पिवळ्या डब्यावर हिरवं माडाचं झाड, त्यामुळे आमचं फूल येईपर्यंत नाव लोकांच्या जिभेवर बसूनच गेलं होतं.

कारखान्याकडून वारा असला की संध्याकाळी वास यायचा. तो नेमका कसा ते सांगणं अवघड आहे. तळणाचा नाही. शेंगदाणे भाजायला टाकल्यावर अगदी पहिल्यांदा जो दमट कच्चा वास येतो ना, तसा काहीतरी, त्यात थोडं मेण, आणि वर साबणाची झाक. बाहेरगावचे पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास येतच नसे, सुट्टीत मामाकडून आठ दिवसांनी परत आलं की स्टेशनवर उतरल्या उतरल्या मात्र यायचा, आणि मग रात्रीपर्यंत पुन्हा गायब. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही त्यातलाच प्रकार.

आता घरातलं सांगतो. आमच्याकडे भाजीला शेंगदाण्याचं तेल, तेही मोजून. तेलाची किटली आजीच्या ताब्यात, फोडणीला पळी तिच्या हातची. ‘मोजी मोजी टाक वं’ हे आईला रोज दोनदा तरी ऐकावं लागायचं. तेलाची चंगळ फक्त हिवाळ्यात भरीत असलं की. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, लसूण मिरची आणि कांद्याची पात, आणि त्या दिवशी कोणी तेलाला हिशेब विचारायचा नाही. त्या कढईतून धूर उठला की चार घरं पलीकडे कळायचं. तर ते तेल. पण गोडाधोडाचं जे जे काही, सणाचं, लग्नाचं, पाहुण्यांचं, ते सगळं डालड्यात. पंगतीत ‘तूप घ्या तूप’ करत जो वाढपी वरण-बट्टीवर धार सोडत जायचा ते तूप म्हणजे वनस्पतीच. खऱ्या तुपाला आमच्याकडे वेगळं नाव होतं, गावरानी. नुसतं तूप म्हटलं की डालडा समजायचं, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून माहीत.

डालडा उन्हाळ्यात डब्यात पातळ होऊन बसायचा, खानदेशातला मे म्हणजे चव्वेचाळीस डिग्री, त्यात कोण गोठणार, आणि संक्रांतीला इतका कडक की चमचा वाकायचा. मग आई डबा चुलीजवळ ठेवायची. रवाळ असायचा, मुद्दाम तसा करायचे म्हणे, तुपासारखा दिसावा म्हणून. आम्ही भावंडं बोटाने काढून साखरेबरोबर खायचो. टाळूला पापुद्रा बसायचा तो जीभ घासून घासून काढायचा, यातही मजा होती.

पण खरा वास नानकटाईचा. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, घरून मैदा पिठीसाखर डालडा घेऊन बेकरीत जायचं, आधी घरी परातीत डालडा हाताने फेटायचा, फेटून फेटून पांढराशुभ्र, एक थेंब वाटीतल्या पाण्यात टाकायचा आणि तरंगला की झाला. हे काम माझं, कारण बहिणी म्हणायच्या याचे हात गरम आहेत. मग बेकरीत रांग, प्रत्येकीचा ट्रे, ट्रेत नावाची चिठ्ठी, आणि भट्टीचं दार उघडलं की जो भपका यायचा, वेलदोडा आणि गरम डालडा, त्याला मी काय म्हणू. आजही एखाद्या गावात जुन्या बेकरीवरून रिक्षा गेली आणि तो वास आला की मी ‘थांब’ म्हणतो, सौ. म्हणते झालं सुरू यांचं. चिरोट्याचा साटा पण त्यातच, तांदळाची पिठी आणि डालडा. साजूक तुपाचे चिरोटे मी नंतर पुण्यात खाल्ले, चांगले होते, पण मला सारखं वाटत होतं की काहीतरी राहिलंय.

आता साजूक तुपाचा एक किस्सा सांगतो, त्यासाठीच खरं तर हे पत्र. नववी-दहावीत असताना आमच्या सायन्सच्या सरांनी भेसळ ओळखायचा प्रयोग घेतला. त्या काळी कायदा असा होता की वनस्पतीत निदान पाच टक्के तिळाचं तेल घालायचंच, ते चवीसाठी नाही, तर कोणी वनस्पती तुपात मिसळली तर पकडता यावी म्हणून. वितळलेलं तूप, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर साखर, नळी हलवायची, आणि खाली लाल रंग आला की समजायचं डालडा आहे. सर म्हणाले घरून कोणी गावरानी तूप आणेल का. मी हात वर केला, फुशारकीने, कारण आमच्याकडे देवाच्या नैवेद्याला आणि आजोबांच्या भाताला एक छोटी बरणी वेगळी असायची, मामाच्या गावाहून येणारी. बाटलीत दोन चमचे नेले. सरांनी नळी हलवली. लालभडक.

वर्ग हसला नाही, हेच जास्त लागलं. सर पण काही बोलले नाहीत, दुसरी नळी घेतली. मी घरी येऊन आईला विचारलं तर ती भाकरी थापत होती, थांबली पण नाही. म्हणाली, मामाचं तूप वर्षातून दोनदा येतं, बरणी वर्षभर भरलेली दिसायला पाहिजे, मग मी काय करू? हळदीचा एक कण आणि जरा विरजणाचं लोणी टाकून कढवते, तुझ्या आजोबांना आजवर कळलं नाही, तू सांगायला जाऊ नको. कोपऱ्यातून आजी म्हणाली, ‘माले माहीत शे.’ बस एवढंच. पुढे आजोबा वारेपर्यंत कोणी तो विषय काढला नाही, आणि आजोबा दर पंगतीत मिशीवरून हात फिरवत सांगत राहिले की आमच्याकडे डालडा चालत नाही.

म्हणून म्हणतो, पुरवणीत लिहिणाऱ्यांपैकी किती जणांची बरणी त्या नळीत पांढरी राहिली असती मला शंका आहे. कोणाचा अपमान करायचा नाही. तो काळच तसा होता. 1972 चा दुष्काळ, मग महागाई, मुंबईत मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांनी लाटणी घेऊन बायकांचे मोर्चे काढले ते तेल-तूप-साखरेसाठीच ना. दिवाळीच्या तोंडावर डालडा मिळाला की आई निःश्वास टाकायची. कारखाना गावात असून आमच्या दुकानात डबा नसायचा, हे पण पाहिलंय. नंतर 1983 च्या सुमारास देशात काही ठिकाणी वनस्पतीत चरबीची भेसळ झाल्याची बोंब उठली तेव्हा आजीने घरातला अर्धा डबा उकिरड्यावर नेऊन पालथा केला आणि महिनाभर घरात तळण झालं नाही. महिनाच. मग पुढचा सण आला.

आता डॉक्टरांची बाजू. मला ती मान्य आहे, मी स्वतः दोन स्टेंट घेऊन फिरतोय. तेलात निकेल टाकून हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं, आणि अर्धवट घट्ट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं, ते रक्तवाहिन्यांना वाईट. सरकारने ट्रान्स फॅटची मर्यादा आणत आणत जानेवारी 2021 पासून तीन टक्के आणि जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांवर आणली, चांगलं केलं, आधीच करायला हवं होतं. नातवंडांना मी डालडा देणार नाही. पण वाईट होतं म्हणून ते नव्हतंच असं कसं? आज लाकडी घाण्याचं तेल काचेच्या बाटलीत मिळतं, घ्या जरूर, आम्ही पण घेतो. फक्त त्या बाटलीवर ‘आजीच्या काळची चव’ लिहिलेलं असतं तिथे मला हसू येतं. आमच्या आजीच्या काळी तेल्याकडून बाटलीत मोजून आणलेलं तेल आठवडाभर पुरवायचं असायचं, त्याची चव कोणाला कळत होती, कढईच्या तळाला लागलं तरी पुष्कळ.

गेल्या दिवाळीत हट्टाने बाजारातून वनस्पतीची पिशवी आणून नानकटाई केली. हात अजून गरम आहेत, पाण्यावर तरंगला. पण वास आला नाही. हल्लीची वनस्पती बहुतेक पामतेलाची असते, आमची शेंगदाण्याची आणि तिळाचा तो सरकारी अंश, तर तो वास आता कुठून येणार. सौ. म्हणाली तुमचं नाक म्हातारं झालं. असेल तसंही.

तर संपादक साहेब, एक विनंती आहे. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत आईच्या वेळचा एक डबा आहे, तुळस लावलेली, बूड सडलंय आणि चित्र पूर्ण गेलंय, तो सनफ्लॉवरचा की कॅमलचा यावर आमच्या भावंडांत दर भाऊबीजेला वाद होतो. तुमच्या खानदेशातल्या वाचकांपैकी कोणाकडे माळ्यावर, शेतातल्या खोलीत, अमळनेरचा जुना डबा चित्रासकट शिल्लक असेल तर त्याचा फोटो तुमच्या पुरवणीत छापावा. झाकण घट्ट बसलेलं असेल तर उघडून जरा वास घेऊन बघा म्हणावं, आणि येत असेल तर तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ अमळनेर, हल्ली मुक्काम डोंबिवली)