तो ओरडत नाही, बाबा

हाउन्स्लो, लंडन
१ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर बोलताना इकडे मुलाने 'क्वीन' या इंग्लंडमधील रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे गाणे लावले होते. ते ऐकून तुम्ही विचारलेत, "हा गातोय की ओरडतोय?" त्या वेळी मी काहीतरी बोलून विषय बदलला, पण तो प्रश्न आठवडाभर मनात राहिला. ज्या माणसाने आयुष्यभर पेटीवर दुसऱ्यांच्या गळ्याची साथ केली, त्याच्या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देऊ नये, असे वाटले. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

शनिवारी मी मुद्दाम फेल्थमला, तो तरुणपणी जिथे राहत होता त्या गल्लीत, जाऊन आले. ते आमच्या घरापासून फार लांब नाही. ग्लॅडस्टन अव्हेन्यू ही एकाला एक लागून असलेल्या दुमजली घरांची अगदी साधी गल्ली आहे, आणि विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून सारखी विमाने जात असतात. त्या घरांपैकी बावीस क्रमांकाच्या घरावर, तो येथे राहत होता असे सांगणारी निळी गोल पाटी २०१६ साली बसवण्यात आली. पाटीवर त्याच्या प्रसिद्ध नावाखाली बारीक अक्षरांत फ्रेड बुल्सारा हे नावही कोरले आहे. ते दुसरे नाव वाचताना मला पसरणीचा घाट आठवला. तुम्हाला हे ठाऊक नसेल, पण आपल्या वाईहून तो घाट चढून वर गेले की पाचगणीची जी सेंट पीटर्स शाळा लागते, तिच्या वसतिगृहात हा मुलगा वाढला आहे.

त्याचे मूळ नाव फारुख बुल्सारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी घरात त्याचा जन्म झाला. वडील बोमी तेथील इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी त्याला आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीला धाडले. तेथे सोबत्यांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली. शाळेत तो पियानो शिकला, प्रार्थनेच्या गायकवृंदात गायला आणि बारा वर्षांचा असताना चार मित्रांना घेऊन त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्या बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हता, बहुतेक पियानोच वाजवीत असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गायक म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी त्याला दुसऱ्याच्या गाण्याची साथ करण्याची सवय लागली होती, आणि अशा माणसाचा कान कसा तयार होतो, हे तुमच्याइतके दुसरे कोण जाणेल! मोठेपणी मुलाखतींतून तो या वर्षांविषयी फारसा बोलला नाही. मला त्याची हळहळ वाटते, पण आठ वर्षांच्या पोराने आईपासून समुद्रापलीकडे काढलेले दिवस कोणासमोर उघडे करायचे नसतील, तर तो त्याचा हक्क होता.

१९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती होऊन रक्तपात झाला आणि हे कुटुंब जे काही हाती लागले ते घेऊन फेल्थमला आले. पुढची काही वर्षे फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयात चित्रकलेचे आणि आरेखनाचे शिक्षण घेतले, हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचे काम केले आणि केन्सिंग्टनच्या बाजारात मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. तो मित्र म्हणजे ड्रमवादक रॉजर टेलर. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि रॉजर यांच्याबरोबर त्याने 'क्वीन' हा बँड उभा केला, आणि पुढच्या वर्षी जॉन डीकन बेस गिटारवर आला. बँडचे नाव फ्रेडीने ठेवले, त्याचे राजचिन्हासारखे बोधचिन्ह त्यानेच काढले आणि स्वतःचे आडनाव टाकून 'मर्क्युरी' हे नावही त्याच सुमारास घेतले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. फ्रेडीचा बोलण्याचा आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला, इकडे ज्याला बॅरिटोन म्हणतात तसा. गाताना मात्र तो बहुतेक वेळ तार सप्तकाच्या आसपास वावरतो. तुम्ही नेहमी म्हणता की, जो गळा मुळात ज्या पट्टीचा नाही, त्या पट्टीत तो न चिरता नेणे ही मेहनतीची बाब आहे, उपजत देणगीची नव्हे. ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक आणि स्वीडन येथील संशोधकांनी २०१६ साली त्याच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लांब धरलेल्या स्वरात जो कंप येतो, तो सर्वसाधारण गायकांत सेकंदाला ५.४ ते ६.९ वेळा येतो. फ्रेडीचा कंप सातच्या किंचित वर भरला, आणि तो घड्याळासारखा एकसारखा नसून सारखा हलता होता. त्याच्या आवाजातील खरखरीविषयीही त्यांचे अनुमान फार रंजक आहे. स्वरतंतूंच्या वरच्या बाजूला मांसल घड्या असतात, ज्या एरवी बोलताना किंवा गाताना कामाला येत नाहीत. फ्रेडी खरखर आणताना त्याही कंपित करीत असावा, असे त्यांना आढळले. रशियातील तुवा प्रांतातील गवई अगदी खोल खर्ज लावताना हेच करतात.

ही खरखर तुम्हाला ओरडणे वाटली, हे मी समजू शकते. पण बाबा, एकच गोष्ट करून पाहा. कोणतेही गाणे लावा आणि ती खरखर नेमकी कुठे येते ते टिपा. एका शब्दावर ती येते आणि लगेच पुढच्या शब्दावर आवाज दुधासारखा स्वच्छ होतो. ओरडणाऱ्याचा गळा असा परत जागेवर येत नाही. एकदा फाटला की तो शेवटपर्यंत फाटलेलाच राहतो. फ्रेडीच्या बाबतीत खरखर हा अलंकार आहे. आपल्याकडे नाट्यपदात एखादा जाणता नट ऐन भावाच्या जागी मुद्दाम आवाज जाड करतो आणि पुढच्या तानेत मोकळा करतो, त्याच जातीचा.

गळ्याला तो किती जपत असे, याची एक हकिगत प्रसिद्ध आहे. त्याला चार दात जास्त होते, त्यामुळे समोरचे दात पुढे आलेले दिसत, आणि त्याला त्याचा संकोच वाटे. तरीही त्याने दात काढून घेतले नाहीत, कारण तोंडाची ठेवण बदलली तर आवाज बदलेल, ही त्याला भीती होती. दुसऱ्या बाजूने तो सिगारेटी ओढत असे, आणि स्वरतंतूंवर गाठी आल्याने १९७५ च्या अमेरिका दौऱ्यातील काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. म्हणून मंचावर तो अनेकदा ध्वनिमुद्रणातला चढा स्वर टाळून खालची जागा घेई आणि वरचा स्वर रॉजरच्या बारीक आवाजावर सोपवी. याला कोणी लबाडी म्हणेल, मी म्हणणार नाही. उद्याही गायचे आहे याचे भान ठेवून गाणारा तो गायक होता.

त्याची रचना हा तुमच्या आवडीचा भाग ठरेल. रॉकची गाणी बहुधा गिटारवर सुचतात, त्यामुळे ती गिटारला सोयीच्या पट्ट्यांत, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीन किंवा पांढरी सहा अशा ठिकाणी बसतात. फ्रेडीची बरीच गाणी पियानोवर झाली आणि म्हणून ती काळ्या पट्ट्यांत सापडतात. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' या १९७५ च्या गाण्यात सुरुवातीच्या समूहस्वरांनंतर पियानो येतो तो काळी पाचमध्ये, आणि कडवे निम्मे झाले की षड्ज अलगद काळी दोनवर सरकतो. पेटी पुढे घेऊन हा सांधा शोधून पाहा. मी चार वेळा ऐकूनही तो नेमका कोणत्या सुरावर वळतो ते मला पकडता आले नव्हते.

त्या गाण्याला मुखडाच नाही. आपल्या कोणत्याही पदात अंतरा संपला की आपण मुखड्यावर येतो आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. येथे संथ गीतातून गिटारचा तुकडा, त्यातून ऑपेराच्या थाटाचा कोलाहल, त्यातून दणदणीत रॉक, आणि मग सारे विरत जाते. शेवटी सुरुवातीच्या एका ओळीची आठवण तेवढी येते. ऑपेराच्या भागात मोठा गायकवृंद ऐकू येतो, त्यात 'बिस्मिल्लाह' हा शब्दही येतो, पण गाणारे गळे तीनच आहेत: ब्रायन खालचा, फ्रेडी मधला आणि रॉजर वरचा. तिघांनी एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन एकावर एक थर चढवले. ध्वनिमुद्रणाची चोवीस मार्गांची, म्हणजे चोवीस आवाज शेजारी शेजारी वेगळे साठवणारी, फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिचा लेप झिजला आणि उजेडापुढे धरली तर आरपार दिसू लागली. केवळ त्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. सगळे गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे. रेडिओवर इतके लांब गाणे कोणी लावणार नाही, असे जाणकारांचे मत होते, आणि तरीही ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पुढच्या वर्षीच्या 'समबडी टू लव्ह'मध्ये याच तिघांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधला गायकवृंद उभा केला आहे. अरेथा फ्रँकलिन या गायिकेवर फ्रेडीची भक्ती होती. ते गाणे काळी चारमध्ये आहे आणि त्याचा झोका सहा मात्रांचा आहे, त्यामुळे तुमचा हात आपोआप दादऱ्याच्या वजनाने चालेल.

मंचावरचा फ्रेडी पाहायचा तर १३ जुलै १९८५ चा, वेम्ब्ली मैदानावरचा पाहावा. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या त्या कार्यक्रमात प्रत्येक बँडला वीसेक मिनिटे मिळाली होती. क्वीनने त्यासाठी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये रंगीत तालीम केली आणि गाणी कापून बेतून त्या वेळेत बसवली. फ्रेडी पांढरी बंडी घालून धावत येतो, पियानोशी बसतो, आणि दोनच मिनिटांत उठून हातात अर्धी काठी लावलेला माइक घेतो. (सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात माइकचा दांडा मधोमध तुटला आणि त्याला तो अर्धाच आवडला, तेव्हापासून ही त्याची खूण झाली.) मग वाद्ये थांबतात आणि तो नुसता "ए-ओ" असा आलाप सोडतो. समोरचे बहात्तर हजार लोक तो जसाच्या तसा परत देतात. तो थोडा वर जातो, लोकही जातात. तो एक अवघड हरकत घेतो, लोक तीही घेण्याचा प्रयत्न करतात. शाहिरामागे झीलकरी उभे असतात, तसे त्याने एवढ्या मोठ्या मैदानाला आपल्यामागे उभे केले. यात एक बारकावा आहे: तो प्रत्येक वेळी लोकांना पेलेल त्यापेक्षा एकच पायरी वरचे देतो, कधीही दोन नाही. भजनात पुढे म्हणणारा चांगला असेल, तर तो मागच्यांना असेच वर घेऊन जातो, हे मी तुमच्याकडूनच ऐकले आहे.

९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे क्वीनबरोबर तो शेवटचा गायला. त्यानंतर मोन्सेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबर त्याने 'बार्सिलोना' हे गाणे केले, आणि १९८८ मध्ये त्याच नावाचा संपूर्ण अल्बम. ज्या कलेकडे तो दुरून पाहत होता, तिच्या खऱ्या अधिकारी गायिकेसमोर उभे राहताना त्याने आपला आवाज ऑपेराचा करण्याचा प्रयत्न केला नाही. तो आपल्याच ढंगाने गायला, आणि म्हणूनच ते दोन आवाज एकमेकांना शोभतात.

एव्हाना त्याला एड्स झालेला होता. त्याने ही गोष्ट घरच्या माणसांपुरती आणि सोबत्यांपुरती ठेवली आणि काम वाढवले. स्वित्झर्लंडमधील मोंत्रो येथे, तळ्याकाठी, क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता. १९९१ च्या वसंतात चालणेही कठीण झालेले असताना तो तेथे जाऊन उभ्याने गात असे, आणि ब्रायनने एकेक ओळ लिहून दिली की ती लगेच ध्वनिमुद्रित करून घेत असे. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो केन्सिंग्टनमधील राहत्या घरी वारला. वय पंचेचाळीस. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी झरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केला. नाव बदलले तरी जन्माचा धर्म शेवटी त्याच्या उशाशी होता, याचे मला बरे वाटते.

मुलाच्या हातून तुम्हाला फोनवर पाच गाणी पाठवली आहेत. दादाला सांगून ती मोठ्या स्पीकरवर लावून घ्या आणि मी पाठवली आहेत त्याच क्रमाने ऐका. पाचवे 'मदर लव्ह' आहे, मोंत्रोमधील त्या शेवटच्या महिन्यांतले. त्यात एके ठिकाणी फ्रेडीचा आवाज पूर्ण ताकदीने वर चढतो. त्यानंतर शेवटचे कडवे येते. ते उद्या गाऊ, असे म्हणून तो विश्रांतीला गेला आणि मग ते गायला परत येऊ शकला नाही, म्हणून ते ब्रायनने गायले आहे. आवाज कुठे बदलतो, हे मी सांगत नाही. तुम्हाला ते पहिल्याच सुराला कळेल.

आईला व आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची लेक