पिकअपचे दिवे दिसले की मी झाडावरून उतरायचो

काका,

समोर असलात की मी तुम्हाला नावानंच हाक मारतो, तुमच्याकडे तीच रीत. पण मराठीत लिहायला बसलो की तुमच्या वयाच्या माणसाचं नुसतं नाव हाताला येत नाही, म्हणून काका. इंग्रजीत मी दहादा आभार मानले आणि दर वेळी तुम्ही हात झटकून मक्याचा विषय काढलात. हे मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार म्हटलं की चोरीचाच मामला. मी राहतो ते अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. इथे परवाना, हंगाम असं सगळं रीतसर असतं आणि शिकारीतला बहुतेक वेळ झाडाला बांधलेल्या मचाणावर गप्प बसण्यात जातो. मी धनुष्यबाण वापरतो, म्हणजे हरीण वीसेक पावलांवर यायला हवं. आमच्या आजोबांच्या ज्वारीत गोफण घेऊन बसायला माळा असायचा. मला वाटलं, त्यात काय, उंच चढून बसायचं!

पहिल्या वर्षी तुम्ही तुमच्या रानात बसायची परवानगी दिलीत आणि मी सगळ्यात देखणं झाड निवडलं. मक्याच्या कडेचा जाडजूड ओक, चारी बाजूंनी मोकळं दिसणारा. रोज पहाटे अंधारात अल्फाल्फाच्या, म्हणजे लसूणघासाच्या शेतातून सरळ चालत तिथे जायचो. तीन आठवड्यांत दिसल्या त्या लांब पळणाऱ्या पांढऱ्या शेपट्या. तुम्ही एका शब्दानं हसला नाहीत. फक्त म्हणालात, फेब्रुवारीत बर्फ पडलेलं असताना ये.

त्या सकाळी आपण तीन तास टेकडी तुडवली. माउंट होरेबच्या बाजूचा हा मुलूख हिमयुगातल्या बर्फाखाली कधी आलाच नाही, म्हणून टेकड्या अशा उभ्या आणि घळी अशा खोल. पुस्तक उघडून ठेवावं तसे बर्फावर माग होते. उताराच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या आडोशाला हरणांनी बसून वितळवलेले खळगे तुम्ही दाखवलेत. पाठीमागून येणारा वारा त्यांना मागची खबर देतो, पुढचा उतार डोळे सांभाळतात. मग ज्या अल्फाल्फातून मी जायचो तिथे नेलंत. माग एकावर एक पडलेले. हरणं रात्रभर तिथेच चरत असायची आणि मी रोज त्यांच्या ताटावर पाय देऊन जात होतो.

झाड नंतर बघू, आधी तू येणार कुठून ते सांग, असं तुम्ही विचारलंत. मला उत्तर देता आलं नाही.

मग ओढा सापडला. गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्यातूनच चालायचं: काठाच्या आडोशानं कुणाला दिसत नाही, जमिनीवर वासही फारसा राहत नाही. वाटेतल्या फांद्या आपण मार्चमध्येच छाटल्या, ऐन हंगामात करवत चालवायची नाही म्हणून. सकाळचं मचाण वर, दोन टेकड्यांमधल्या खिंडीपाशी. ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते आणि माणसाचा वास डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी गार हवा खाली उतरते, म्हणून दुसरं मचाण ओढ्यालगत. वाऱ्याचा भरवसा नसेल त्या दिवशी दोन्हीकडे जायचं नाही, घरी बसायचं. हे शेवटचं पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

वारा बघायला तुम्ही मिल्कवीडचं बोंड दिलंत. एकेक तंतू सोडायचा आणि तो कुठे वळतो, कुठे बुडतो ते बघत राहायचं. काका, ही आमच्या रुईच्या गणगोतातली. आम्ही लहानपणी हिला म्हातारी म्हणायचो आणि फुंकर मारून उडवायचो.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत शेतात सात-आठ हरणं उतरलेली असायची. मी खाली उतरलो तर सगळ्यांना कळणार की त्या झाडावर माणूस बसतो, आणि मग ते मचाण फुकट. तुम्ही मेसेजची वाट बघत थांबायचात आणि तुमची जुनी पिकअप हळूच शेतात घालायचात. ती गाडी हरणं जन्मापासून बघत आलेली. हरणं निवांत बाजूला व्हायची, मी झाडाला बांधून घेतलेला सुरक्षेचा पट्टा सोडून ओढ्यात उतरायचो. दोन महिने, जेवणाच्या वेळेला, गुडघा दुखत असताना. स्वतःच्या शिकारीसाठी नव्हे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खिंडीत जी मादी आली, ती मान खाली घालून आली. मी आहे हे तिला कळलंच नव्हतं. या भागात २००२ पासून हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आहे, म्हणून नमुना तपासणीला दिला आणि निकाल येईपर्यंत मटण फ्रीजरमध्ये ठेवलं. निकाल चांगला आला. मग काळ्या मसाल्याचा रस्सा. तुम्ही घाम पुसत दोनदा वाढून घेतलात आणि काकू पाण्याचा जग घेऊन शेजारीच बसल्या.

दोन्ही मचाणांचे पट्टे उन्हानं कडक झाले होते, नवे आणलेत. रविवारी बदलतो. तुम्ही वर चढायचं नाही, खालून फक्त शिव्या द्यायच्या.