टॉर्क कन्व्हर्टरचं राहूनच गेलं

संपादक महोदय,

ऑफ-रोड गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बदलण्याबद्दलचा आपला लेख वाचला. जॅक, स्टँड, बोल्ट यांवर भरपूर लिहिलंय. खरी मेख मात्र राहिली. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल भाग, गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसला पाहिजे. तो फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने खटके जाणवतात. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढला, तर पंपच फुटायचा. इंजिन आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) यांमधली फट हातानेच मिटायला हवी. मिटत नसेल तर पान्याला हात लावू नये. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मी आधी वेगळी उतरवतो, तेवढंच ओझं कमी. आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय नवा गिअरबॉक्स जोडू नका. जुन्याचा चुरा तिथूनच नव्यात शिरतो.

– एक हौशी मेकॅनिक