कलहारीला निघण्याआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझा कार्यक्रम मिळाला. मी तो वहीत मोठ्या अक्षरात उतरवून घेतला आणि बाबांचा जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. घड्यांवर फाटलाय तो, चिकटपट्टीवर तग धरून आहे. बोट्स्वानात बारा दिवसांत माउन, मोरेमी, सावुती, कसाने आणि तिथून परत फिरून मध्य कलहारीचं राखीव रान! नकाशावर हे सगळं हाताच्या पंजात मावतं. पण तू पुणे-महाबळेश्वरसारखा किलोमीटरचा हिशोब केला आहेस आणि तो हिशोब तिथे लागू पडत नाही.

मोरेमीच्या उत्तरेच्या ख्वाईपासून सावुती सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता म्हणजे वाळूत उमटलेल्या दोन चाकोऱ्या. पाच तास धर, ओवीला मध्ये उतरवायचं म्हटलं तर सहा. सावुतीहून कसानेला पुन्हा तेवढाच दिवस जातो. जुलैत संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो आणि अंधारात गाडी चालवायची नाही. अभयारण्यात तर मनाईच आहे, पण बाहेरच्या डांबरी रस्त्यावरही नाही. रात्री गुरं आणि गाढवं रस्त्याच्या मधोमध उभी असतात आणि गाढव दिव्यांच्या उजेडात हलत नाही.

म्हणून माझं ऐकशील तर सावुती आणि कसाने या खेपेला सोडून दे. चार रात्री मोरेमीत, चार मध्य कलहारीत, मध्ये एक दिवस माउनला सामान भरायला. एका जागी दोन-दोन रात्री राहिलास तरच ती जागा दिसते.

जुलै निवडलास ते चांगलं केलंस. आपण माउनला राहत होतो तेव्हा बाबा शाळेत ओकावांगो नदीचा धडा शिकवायचे तो तुला आठवत नसेल. पाऊस पडतो दूर अंगोलाच्या डोंगरांवर, तिकडच्या उन्हाळ्यात. ते पाणी सपाट जमिनीवरून इतकं सावकाश सरकतं की माउनला पोचेपर्यंत तिकडचा हिवाळा, म्हणजे जून-जुलै, लागतो. म्हणजे आभाळात ढगाचं नाव नसतं आणि नदी मात्र फुगत असते. त्यांच्या वर्गातली माउनची मुलं हसायची, कारण त्यांना हे जन्मापासून माहीत असायचं, नवल फक्त आम्हा सातारच्या माणसांना. आपल्याकडे पाऊस आणि पूर एकाच महिन्यात येतात. त्या देशात पैशालासुद्धा पुला म्हणतात, आणि पुला म्हणजे पाऊस.

पण त्यामुळेच मोरेमीत जुलैत काही वाटा पाण्याखाली असतात. पाण्यात गाडी घालण्याआधी खोली पायाने मापायची, हे आपल्याकडचं शहाणपण तिथे चालत नाही. पाण्यात मगर असते, पाणघोडा असतो. समोरून ताज्या चाकाच्या खुणा आलेल्या दिसल्या तर जा, नाहीतर दुसरी गाडी येईपर्यंत थांब. कोणीच आलं नाही तर मागे फीर. मागे फिरण्यात कमीपणा नाही, निनाद.

आता कलहारीबद्दल. हे मी तुला आजवर नीट सांगितलेलं नाही.

1998 च्या एप्रिलमधली ती सहल तुला मजेची म्हणून आठवते. गाडीच्या टपावर झोपलो होतो, बाबांनी ताऱ्यांची गोष्ट सांगितली होती, लांब सिंह ओरडत होता. तू सायलीला हे सांगताना मी ऐकलं आहे. तेव्हा तू सात वर्षांचा होतास. खरं काय झालं ते सांगते.

मध्य कलहारीतल्याच डिसेप्शन व्हॅलीतून पायपर पॅनकडे निघालो होतो. पाऊस नुकताच संपला होता आणि दोन चाकोऱ्यांच्या मधलं गवत बॉनेटच्या वर गेलं होतं. गाडी गवत कापत जाते तेव्हा त्याचं बी झडतं आणि समोरच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतं. आम्हाला हे ऐकून माहीत होतं, पण किती पटकन होतं ते माहीत नव्हतं. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला म्हणून बाबांनी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या बारीक पट्ट्या दिसतच नव्हत्या. फणीत केस गच्च बसावेत तसं बी बसलं होतं, पिवळं, कुसळं असलेलं. बाबा ते तारेने उकरत होते आणि मला जळका वास आला. वाकून पाहिलं तर खाली, धुराड्याच्या नळीवर गवताचा पेंढाच दाबला गेला होता आणि त्यातून धूर निघत होता.

तुला मी झाडाखाली नेऊन बसवलं. बाबा गाडीखाली शिरून हातांनी गवत ओढत होते, मी पाणी ओतत होते. विझलं. बाबांच्या तळहातांना फोड आले. पण तीस लिटरपैकी आठ लिटर पाणी उरलं आणि खालच्या वायरी जळल्या होत्या. गाडी सुरू झाली नाही.

शनिवारची दुपार होती. त्या रात्री तू झोपल्यावर बाबा म्हणाले, पहाटे निघतो, गेटपर्यंत चालत जातो. गेट साठ किलोमीटरच्या पुढे होतं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पोराला पाणी पुरणार नाही. मी म्हटलं, वाटेत तुम्हाला काही झालं तर पाणी पुरूनही काय उपयोग! आम्ही आवाज न चढवता भांडलो, तुला जाग येऊ नये म्हणून. मी त्यांचे बूट उशाला घेऊन झोपले. ते गेले नाहीत.

तुला पाणी मोजून, पण पुरेसं दिलं. आम्ही ओठ ओले करत होतो. रविवारभर गाडीच्या सावलीबरोबर सरकत राहिलो. ताऱ्यांची गोष्ट त्या रविवारच्या रात्रीची आहे.

निघताना मी शेजारच्या बाईंना सांगून ठेवलं होतं, रविवारी रात्री आमच्या घरात दिवा दिसला नाही तर वन्यजीव खात्याला कळवा. त्यांनी दिवा पाहिला नाही. सोमवारी सकाळी खात्याचं ऑफिस उघडायच्या आधी त्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या. संध्याकाळी गाडी आली. आपण जिवंत आहोत ते त्या बाईंमुळे आणि गाडीजवळच थांबलो म्हणून. गाडी दुरून दिसते, गवतातला माणूस दिसत नाही.

तेव्हा हे एवढं पाळ. दर अर्ध्या तासाने थांबून गाडीखाली वाकून बघ, मग कितीही कंटाळा येवो. आधी हात लावू नकोस, तापलेलं असतं, लांब तार जवळ ठेव. पाणी माणशी रोज किमान पाच लिटर, शिवाय दोन दिवसांचं जास्तीचं, आणि ते एका मोठ्या टाकीत नको, चार-पाच कॅनमध्ये विभागून भर. कलहारीतल्या तळांवर पाणी नसतं, दुकान नाही, पंप नाही, कुंपणही नाही. गेटबाहेर राकॉप्स गावात पंप आहे, पण तिथे कधी डिझेल संपलेलं असतं, म्हणून माउनहूनच दोन्ही टाक्या भरून नीघ. वाळूत गाडी नेहमीच्या दीडपट पिते. वाळू लागली की चाकांतली हवा 35 वरून 20 वर आण. निम्म्या लोकांची गाडी रुतते ती फक्त हवा न काढल्यामुळे. आणि सॅटेलाइट फोन भाड्याने घेच. तिथे साध्या फोनला रेंज नाही.

माउनहून दक्षिणेला येताना गुरांच्या कुंपणापाशी गाडी तपासतात, कच्चं मांस काढून घेतात, बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात. लाळ्या-खुरकुतीसाठी आहे ते. त्यांची गुरं म्हणजे त्यांची शेती, तेव्हा हसतमुखाने बूट पुढे कर.

कोणाशीही बोलायला सुरुवात करताना आधी नमस्कार. बाईंना 'दुमेला म्मा', पुरुषांना 'दुमेला र्रा'. नमस्काराआधी रस्ता विचारणं तिथे उद्धटपणाचं आहे. आणि ओवीला सांग, हे रान रिकामं नाही. 1961 साली राखीव झालं त्याच्या कितीतरी आधीपासून बसारवा लोक तिथे राहतात, रानटी कलिंगडातून पाणी काढून कोरडे महिने काढतात. त्यांना तिथून हलवलं गेलं, ते कोर्टात गेले आणि 2006 मध्ये जिंकले. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका.

कलहारीत रात्री तापमान शून्याखालीही जातं, ओवीला लोकरीची टोपी घालूनच झोपव. रात्री 'शू'ला जायचं झालं तर आधी टॉर्च चारी बाजूंनी फिरव, डोळे चमकले तर तंबूतच थांबा. संत्री तर मोरेमीत नेऊच नकोस. हत्तीला वास लागतो. भाजणी मी देते, थालीपीठं लोखंडी तव्यावर निखाऱ्यांवर छान होतात. लाकूड अभयारण्याबाहेर विकत घे.

माउन सोडायच्या आदल्या दिवशी मला एक कागद पाठव. कोणत्या रात्री कोणता तळ, गाडीचा नंबर, गाडी देणाऱ्यांचा फोन, आणि कोणत्या दिवशी गेटबाहेर पडणार. बाहेर पडून राकॉप्सला रेंज आली की फोन कर. आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, मध्यरात्र झाली तरी मी जागी असेन. फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला गाठायचं, तो नंबरही त्याच कागदावर लिही.

त्या सहलीनंतर मी डासांच्या जाळीचा एक पडदा शिवला होता, रेडिएटरपुढे बांधायला. बी त्यावर अडकतं, थांबलं की झटकून टाकायचं. तो अजून ट्रंकेत आहे, पण जुन्या गाडीच्या मापाचा. तुला मिळणाऱ्या गाडीच्या समोरच्या जाळीची लांबी-रुंदी कळव. मी या आठवड्यात नवीन शिवायला घेते.

तुझी,
आई