नवख्याचा पहिला अर्धा तास

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, आईची साखर आटोक्यात आहे, पाठीचं दुखणं जुनंच. तेवढं पुरे. पत्र लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आमच्या नोंदणी विभागातल्या बायकांचे कीबोर्ड काढून घ्यायचं ठरतंय. वर्षानुवर्षं इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कळमांडणीवर, न बघता टाइप करणाऱ्या या बायका. त्यांना आता टचस्क्रीन मिळणार: रोमन अक्षरांत नाव लिहायचं आणि खाली जे पर्याय उमटतील त्यांतून मराठी शब्द बोटाने निवडायचा. हे ठरलं कशावरून, तर नव्याने लागलेल्या पोरापोरींना दोन्ही पद्धती अर्धा अर्धा तास दिल्या आणि घड्याळ लावलं. टचस्क्रीन पुढे निघाला, विषय संपला. अहवालात ‘वापरण्यास सोपे’ असं छापून आलंय. बाळ्या, आता १९६७ सालचा तो तक्ता आठव, आणि माझा जीव का वरखाली होतोय ते तुला कळेल.

माऊसचा जनक डग्लस एंगेलबार्ट आणि त्याचा सहकारी बिल इंग्लिश यांनी अमेरिकेत मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, नासाच्या पैशावर, तो प्रयोग केला होता. प्रश्न साधा होता: पडद्यावरचा एखादा शब्द किंवा अक्षर दाखवायचं तर हातात काय असावं? लाईट पेन, जॉयस्टिक, ग्राफाकॉनचा लांब-आखूड होणारा दांडा, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचा खटका, आणि माऊस. मोजणी कशी केली ते बघ, सगळं मर्म तिथेच आहे. माणसाचा हात आधी कीबोर्डवर. लक्ष्य दिसलं की त्याने स्पेसबार दाबायचा, तिथून घड्याळ सुरू. मग हात उपकरणाकडे न्यायचा, कर्सर लक्ष्यावर आणायचा, बटण दाबायचं. वेळेचे दोन तुकडे वेगळे नोंदले: उपकरण हातात येईपर्यंतचा एक आणि प्रत्यक्ष सरकवण्याचा दुसरा. चुकांची नोंद स्वतंत्र. लक्ष्यंही दोन प्रकारची होती, कधी अख्खा शब्द, कधी एकच अक्षर, कारण लक्ष्य बारीक झालं की उपकरणाची खरी परीक्षा होते.

लाईट पेन पडद्यावर थेट टेकवायचा असल्याने सरकवायला झटपट, पण तो आधी उचलावा लागतो, हात अधांतरी धरावा लागतो आणि पुन्हा जागेवर ठेवावा लागतो. गुडघ्याच्या खटक्याचं उलट: दोन्ही हात कीबोर्डवरच राहतात, त्यामुळे पहिला तुकडा जवळजवळ नाहीसाच होतो. गुडघा डावी-उजवीकडे नेला की कर्सर आडवा जातो, टाच उचलून गुडघा वर-खाली केला की उभा. आणि निकाल? नवख्यांच्या हाती लाईट पेन आणि गुडघ्याचा खटका दोन्ही माऊसपेक्षा जलद. सरावलेल्यांच्या हाती माऊस जलद, शिवाय चुका सर्वांत कमी. म्हणजे नुसत्या नवख्यांना अर्धा तास बसवून निकाल लावला असता, तर माऊस तिथेच निकालात निघाला असता. त्या लोकांनी दोन्ही गटांचे आकडे वेगवेगळे मांडले म्हणून वाचला.

आमच्या अहवालात नवख्यांचाच गट आहे. दुसरा गट त्याच मजल्यावर बसलेला असताना.

इथे तू म्हणशील, ‘शिकवावं लागत असेल तर उपकरणात खोट आहे.’ हॉस्टेलच्या गच्चीवर पहाटेपर्यंत चाललेलं ते भांडण मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, आणि माझं म्हणणं तसूभरही बदललेलं नाही. तू आजही ‘aahe’ लिहून ‘आहे’ येण्याची वाट बघतोस. तुझ्या पत्रात ‘पाणि’ येतं ते त्यामुळेच. (वहिनींना दाखव हे वाक्य, त्या माझ्या बाजूने आहेत.) इनस्क्रिप्टमध्ये ‘मराठी’ला पाच अक्षरखुणा लागतात: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. ‘ठ’ला तेवढी शिफ्ट. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, त्यामुळे व्यंजन-मात्रा-व्यंजन अशी चाल दोन्ही हातांत वाटली जाते आणि एक बोट दाबत असताना पुढचं जागेवर पोचलेलं असतं. सराव झाल्यावरचा वेग इथून येतो. पण आमच्या विभागात वेगापेक्षा मोठी गोष्ट दुसरी आहे. आडनाव कागदावर ‘दिक्षित’ असेल तर नोंदीत ‘दिक्षित’च हवं, शुद्धलेखन काय म्हणतं याच्याशी कर्तव्य नाही. इनस्क्रिप्टवर ऱ्हस्व वेलांटी एका कळीवर आणि दीर्घ दुसरीवर, टाइप करणारीने ती जाणूनबुजून निवडलेली असते. रोमनमधल्या एका ‘i’ मध्ये तो फरकच नाही, तो पर्यायांच्या यादीतून डोळ्यांनी शोधायचा, आणि पहिला पर्याय बहुधा ‘दीक्षित’ असणार. दिवसभराच्या नोंदींत थकलेलं बोट पहिल्यावरच टेकतं. गावांच्या नावांचं काय होईल याचा विचारही नको वाटतो.

नवख्याच्या सोयीवरून उपकरण पारखलं की एंगेलबार्टला ते फार लागायचं. तो तीनचाकी सायकल आणि दुचाकी सायकल यांचं उदाहरण द्यायचा: तीनचाकीवर कुणीही पहिल्या मिनिटाला बसतं, म्हणून मोठ्या माणसांनी जन्मभर तीनचाकीवरच फिरावं का? त्याच्याच बाबतीत काय झालं बघ. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने नव्वद मिनिटं जे दाखवलं, त्यात उजव्या हाताखाली माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा कीसेट. त्या पाच कळा म्हणजे एक, दोन, चार, आठ, सोळा. अंगठा एक, म्हणजे ‘ए’. तर्जनी दोन, ‘बी’. दोन्ही मिळून तीन, ‘सी’. पाच बोटांतून एकतीस जोड्या निघतात, सव्वीस अक्षरं भागून वर पाच उरतात. मोठी अक्षरं नि आकडे यांसाठी माऊसची बटणं सोबत दाबायची. उजवा हात शब्द दाखवतोय, डावा हात त्याच वेळी आज्ञा देतोय, कुठलाच हात जागा सोडत नाही. १९६७च्या मोजणीतला तो पहिला तुकडा, हात नेण्या-आणण्याचा, त्याने अशा रीतीने पुसून टाकला. त्या जोडीतला माऊस जगाने उचलला आणि कीसेट टाकून दिला. झेरॉक्सच्या ‘पार्क’ नावाच्या संशोधन केंद्रातल्या अल्टो या कॉम्प्युटरपर्यंत कीसेट तग धरून होता, पुढे बाजारात रुजलाच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आज आपण माऊस सोडून कीबोर्डवर आणि कीबोर्ड सोडून माऊसवर जे हात हलवत बसतो, ते त्या अर्धवट उचलण्यामुळे.

त्या दिवशीचं बाकीचं तुला माहीतच आहे. तरी एक गोष्ट दर वेळी नव्याने आवडते. कॉम्प्युटर एसडीएस ९४०, मेन्लो पार्कला. तिथे पाच इंची बारीक पडदे, प्रत्येकासमोर टीव्हीचा कॅमेरा, आणि माणसासमोर टीव्हीचा मॉनिटर. मोठे संगणकी पडदे परवडत नव्हते म्हणून केलेली ही सोय. पण अक्षरं एकदा टीव्हीचं चित्र झाली की त्यात दुसऱ्या कॅमेऱ्यातलं माणसाचं तोंड मिसळणं हे नेहमीचं स्टुडिओतलं काम. दूरच्या सहकाऱ्याचा चेहरा आणि सामाईक कागद एकाच पडद्यावर आला तो असा.

आता मुद्द्यावर येतो. झेरॉक्सच्या त्याच पार्क केंद्रात १९७८ मध्ये कार्ड, तोच बिल इंग्लिश आणि बर यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला: माऊस, जॉयस्टिक आणि दोन तऱ्हांच्या कळा. त्यांनी प्रत्येक माणसाला प्रत्येक उपकरणावर सुधारणा थांबेपर्यंत सराव दिला. साधारण बाराशे ते अठराशे प्रयत्नांनंतर वेळ कमी होणं थांबायचं, आणि तुलना त्यानंतर. माऊस सगळ्यांत जलद ठरला, आणि अंतर नि लक्ष्याचा आकार यांवरून फिट्सच्या १९५४च्या नियमाने जो वेळ निघतो त्याच्याशी त्याचे आकडे छान जुळले. म्हणजे आता अडत होता तो हातच, उपकरण नव्हे.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तुझ्या पॉलिटेक्निकची पोरं आणि लॅब मला दे. इनस्क्रिप्ट न येणारी निम्मी, येणारी निम्मी. प्रत्येक गटातल्या अर्ध्यांनी आधी कीबोर्ड घ्यायचा आणि अर्ध्यांनी आधी टचस्क्रीन, नाहीतर पहिल्यावर शिकलेलं दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. मजकूर धड्यातला नको, नाव, आडनाव, गाव, तालुका असाच. त्यात जोडाक्षरं आणि ‘दिक्षित’सारखी पाठभेदाची नावं मुद्दाम पेर. कागद डावीकडे ठेव, कारण आमच्या बायका कागदावर नजर ठेवून टाइप करतात आणि टचस्क्रीनवर नजर खाली-वर नाचते. तो वेळ मोजणीत आलाच पाहिजे. चुकलेल्या नोंदींचा वेळ वेगळा काढ, बरोबरच्यांत मिसळू नकोस. एका बैठकीत थकवू नकोस, रोज थोडं. आणि सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा पाठवू नकोस. प्रत्येकाचा आलेख हवा, दोन्ही अक्ष लॉगचे, म्हणजे एक, दहा, शंभर अशा पटींच्या खुणांचे. सरावाची रेघ त्यावर जवळजवळ सरळ उतरते, आणि दोन पद्धतींच्या रेघा एकमेकींना कुठे छेदतात ते डोळ्यांना दिसतं. तो छेद मला मीटिंगमध्ये टेबलावर ठेवायचाय. छेद आलाच नाही, टचस्क्रीन शेवटपर्यंत पुढे राहिला, तर तोही आलेख ठेवीन आणि तुला गच्चीवरचं भांडण तू जिंकल्याचं लिहून देईन.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीला कुठे प्रवेश मिळाला? घराचं वॉटरप्रूफिंग पावसाआधी करून घे, मागच्यासारखं लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग.

मीटिंग महिनाअखेरीला आहे. निदान नवख्यांचे पहिले आकडे त्याआधी धाड.

तुझाच,
नंदू

ता. क. पोरांना लाकडी माऊस करून दाखवायचा म्हणाला होतास. १९६४चा नमुना अगदी सोपा आहे: लाकडाच्या ठोकळ्याखाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, प्रत्येकाच्या आसावर एक पोटेन्शिओमीटर (फिरवला की विजेचा रोध बदलतो तो), वर एक बटण. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमधला प्लॅनिमीटर, नकाशावरचं क्षेत्रफळ मोजायचं ते चाकाचं यंत्र, आठव, एंगेलबार्टला कल्पना तिथूनच सुचली. चाक आपल्या दिशेने फिरतं आणि आडव्या दिशेने नुसतं घसरतं. म्हणून तिरकं सरकवलं तरी प्रत्येक चाक आपापला हिस्सा मोजतं. चाकाची कड पातळ ठेव. रबर लावलंस तर आडवं घसरताना अडकेल आणि कर्सर उड्या मारेल. २५ मिमी व्यासाचं चाक घेतलंस तर परीघ साधारण ७८.५ मिमी. साधा पोटेन्शिओमीटर ३०० अंशांच्या आसपास अडतो, म्हणजे सुमारे ६५ मिमी सरकवलं की संपला. त्यापुढे चाक टेबलावर घासत जाईल. पोटेन्शिओमीटर मधोमध ठेवून मगच चाक आसावर घट्ट कर, आणि वायर मनगटाच्या बाजूने काढू नकोस, हातात येते. पुढच्या बाजूने काढ.