ऑफर लेटर नीट वाचा
महोदय,
हिंजवडीतल्या बड्या आयटी कंपनीची ऑफर आली की पेढे वाटले जातात, पण सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, तक्ता कोणी धड वाचत नाही. कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी बहुधा त्याच आकड्यात धरलेली असते. व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा बदलता भाग, तर कामगिरीच्या निकालांवर लटकलेला. जमेची बाजू कंपनीच्या आरोग्य गटविम्याची. आई-वडिलांचा जुना मधुमेहही त्यात बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरतात. नोकरी सुटली की मात्र हा विमाही गेला, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधीच काढावी. खरी मेख ९० दिवसांच्या नोटीस पिरियडची, म्हणजे राजीनाम्यानंतरही काम करण्याच्या मुदतीची. पुढे नोकरी बदलायची तर छोट्या कंपन्यांना माणूस महिन्याभरात हवा असतो. पैसे भरून नोटीस कमी होते, की सगळे मॅनेजरच्या मर्जीवर, हे सही करण्यापूर्वी एचआरला ईमेलवरच विचारावे.
– एक वाचक, पुणे